गोळी दिली, पण पेज कोण देणार?

पावसाळा तोंडावर आला की कोकणात लेप्टोची चर्चा सुरू होते. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून या रोगाचे जंतू पाण्यात, चिखलात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून माणसाच्या अंगात शिरतात. लावणीच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत या चिखलात कोण उभं असतं? तरवा काढणारी आणि लावणारी बाई. म्हणून प्रतिबंधक उपाय म्हणून तिला आठवड्यातून एकदा डॉक्सीसायक्लिन द्यायचं, हे योग्यच आहे. अंगावर काढलेला लेप्टो मूत्रपिंड आणि यकृत निकामी करून जीव घेऊ शकतो. गोळी नको असं मी म्हणत नाही. पण ती पोटात गेल्यावर बाईचं काय होतं, हे कुणी विचारतं का?

गावातल्या बैठकांत हा विषय काढला की बायका आधी एकमेकींकडे बघून हसतात, मग बोलू लागतात. गोळी घेतली की ढवळतं, ओकारी होते, छातीत आग होते, एखादीला जुलाब लागतात. दिवसाची मजुरी बुडते. मग पुढच्या आठवड्याची गोळी पदराच्या गाठीत बांधली जाते आणि तिथून उकिरड्यावर जाते. कागदावर मात्र ‘वाटप पूर्ण’. एखादी आजारी पडली तर ‘या बायकांना कितीही सांगा, ऐकतच नाहीत’ हे ठरलेलं वाक्य तयारच असतं.

ही पद्धत मुळात कुणावर तपासली गेली ते पाहू. पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या ९४० अमेरिकन सैनिकांवर १९८२ साली प्रयोग झाला. तो १९८४ साली प्रसिद्ध झाला. आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सी घेणाऱ्यांत लेप्टोचा एकच रुग्ण निघाला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत २०. गोळीचा उपयोग होतो यात शंका नाही. पण सैनिकाच्या जेवणाची सोय सैन्य करतं. आपली बाई पहाटे उठते, घरच्यांचं करते, कोरा चहा पिऊन शेतावर जाते. त्यात आषाढी एकादशी, पुढे श्रावणातले सोमवार. शेतावर आडोसा नाही, म्हणून ती मुद्दाम पाणी कमी पिते. आणि ही गोळी नेमकी रिकाम्या पोटाला आणि कमी पाण्याला सोसत नाही. घोटभर पाण्याबरोबर घेतली तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते. म्हणजे ज्याला ‘बायकांचं नाजूक पोट’ म्हणतात, ते खरं तर उपाशी पोट आहे.

म्हणून मैत्रिणींनो, गोळीसोबत जी माहिती मिळायला हवी ती आपणच एकमेकींना देऊ या. गोळी पेज किंवा भाकरी पोटभर खाऊन, मोठा तांब्याभर पाण्याबरोबर घ्यावी. घेतल्यावर निदान अर्धा तास आडवं होऊ नये, म्हणून रात्री झोपताना ती नकोच. दूध त्याच वेळी पिऊ नये. पित्ताचं औषध आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी बरोबर घेतली तर डॉक्सीचा गुण कमी होतो. मळमळतं म्हणून लगेच पित्ताची गोळी चघळली, तर ओकारी कदाचित थांबेल, पण लेप्टोपासूनचं संरक्षणही कमी होईल. आपल्यापैकी कितीतरी जणी रक्त वाढवण्याच्या गोळ्या घेतात. त्या दिवशी ती गोळी कधी घ्यायची, हे आशाताईला विचारून ठरवावं. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर मनानेच दुसरी घेऊ नये, विचारावं. जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी, जलसंजीवनी घ्यावी. शौचातून रक्त पडलं, जुलाब थांबेनात किंवा गिळताना छातीत दुखू लागलं तर दवाखाना गाठावा.

आणखी दोन गोष्टी बायका मोठ्याने बोलत नाहीत. एक, अशा गोळ्यांनंतर काहींना योनीमार्गात खाज सुटते, दह्यासारखं पांढरं जातं. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि त्यावर औषध आहे. दुसरी, गरोदरपणात डॉक्सी सहसा देत नाहीत. डॉक्टर दुसरं औषध सुचवतात. पण चारचौघांच्या रांगेत, सासूसमोर किंवा शेतमालकासमोर ‘पाळी चुकली आहे का?’ असं विचारलं तर कोण खरं सांगेल? हा प्रश्न बाजूला घेऊन, बाईनेच बाईला विचारायला हवा.

आणि एवढं सगळं केलं तरी गोळी म्हणजे कवच नव्हे. अंदमानात झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोळीने जंतूंचा शिरकाव थांबला नाही, आजारी पडण्याचं प्रमाण मात्र कमी झालं. म्हणजे गमबूट, हातमोजे, जखमेवर पट्टी, उंदरांचा बंदोबस्त हे सगळं हवंच. ते खर्चाचं आहे. गोळी स्वस्त आहे. स्वस्त ते बाईच्या पोटात ढकलायचं आणि खर्चाचं ते पुढच्या वर्षावर ढकलायचं, हा हिशेब आपण ओळखायला हवा.

पोट बिघडणं हे घरात सोसायचं किरकोळ दुखणं नाही, तो कामाच्या जागेचा प्रश्न आहे. येत्या लावणीआधी आपल्या गटांनी ग्रामसभेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात चार मागण्या मांडाव्यात. गोळी शेतावर, न्याहारीनंतर आणि प्यायच्या पाण्यासह द्यावी. देणारीने दुसऱ्या दिवशी येऊन त्रास झाला का ते विचारावं आणि लिहून ठेवावं. शेताजवळ लघवीसाठी आडोसा असावा. गोळीमुळे काम थांबलं तर त्या दिवसाची मजुरी कापू नये. यातली एकही मागणी अवाजवी नाही. बाईला औषध द्यायचं तर ते पचवण्यापुरतं अन्न, पाणी आणि उसंतही द्यायला हवी, एवढंच आपण म्हणतो आहोत.