कार्ड लाखाचं, स्क्रीन आठ हजारांची

माझ्या मावसभावाने २०२५च्या जूनमध्ये लाखाच्या वर पैसे मोजून ग्राफिक्स कार्ड घेतलं. अर्धे साठवलेले, अर्धे ईएमआयवर. सल्ला माझा होता.

घराघरात एक 'कम्प्युटरमधलं कळणारी' व्यक्ती असते, तशी आमच्या घरात मी. दादाला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. कॉलेजात असताना जमवलेला पीसी जुना झाला होता आणि आता तो स्वतःच्या पैशाने स्वतःचे लाड करणार होता. मला म्हणाला, "बघ गं जरा, आरटीएक्स ५०८० घेऊ का?" मी तीन रात्री जागून अकरा रिव्ह्यू बघितले. एक्सेल शीट केली. रंगीबेरंगी आलेख, कुठल्या गेमला किती एफपीएस, सगळं टिपून ठेवलं आणि दादाला सांगितलं, "बिनधास्त घे."

कार्ड आलं. कंपनी या कार्डासाठी ८५० वॉटचा पॉवर सप्लाय सुचवते, दादाकडे ५५०चा होता. म्हणजे तोही बदलावा लागला. शेवटी रात्री नऊ वाजता गेम सुरू झाला. कोपऱ्यातला आकडा १७०च्या पुढे गेला आणि आम्ही दोघांनी टाळी दिली. तेवढ्यात मावशी पोह्यांच्या बश्या घेऊन आली, दोन मिनिटं उभी राहून बघितलं आणि म्हणाली, "छान दिसतंय. पण आधीही असंच दिसायचं ना रे?"

आम्ही हसलो. मग माझी नजर मॉनिटरकडे गेली. २४ इंची, फुल एचडी, ६० हर्ट्झ. लॉकडाऊनमध्ये आठ हजारांना घेतलेला. अकरा रिव्ह्यू बघणाऱ्या मला हा एक प्रश्न सुचला नव्हता: दादा, तुझी स्क्रीन कुठली?

साधा हिशोब आहे. ६० हर्ट्झची स्क्रीन सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलते. कार्ड १७० चित्रं काढत असेल, तर वरच्या ११० चित्रांचे पैसे दादाने मोजले, पण ती पूर्ण अशी त्याला कधी दिसलीच नाहीत. माऊस हलवल्यावरचा प्रतिसाद किंचित जलद होतो, तेवढाच फायदा. दुसरं म्हणजे, फुल एचडी स्क्रीनवर साधारण २० लाख ७० हजार पिक्सेल असतात, फोरके स्क्रीनवर त्याच्या बरोब्बर चौपट. ५०८० हे त्या चौपट कामासाठी केलेलं कार्ड आहे. ते फुल एचडीला जोडलं, की बऱ्याच गेममध्ये ते प्रोसेसरची वाट बघत बसतं. प्रत्येक चित्राची तयारी प्रोसेसर करून देतो, मग कार्ड ते रंगवतं. लग्नात आचारी कितीही झटपट असला, तरी भाजी चिरून देणारा एकच असेल तर पंगत उशिराच बसणार. दादाचा प्रोसेसर सहा वर्षांचा होता.

यात रिव्ह्यू करणारे खोटं बोलले का? अजिबात नाही. ते मुद्दाम सगळ्यात वेगवान प्रोसेसर लावतात, फोरकेवर तपासतात, कारण त्यांना फक्त कार्डाची ताकद मोजायची असते. पद्धत बरोबरच आहे. 'हे कार्ड किती चांगलं?' या प्रश्नाचं ते उत्तर देत होते. 'हे कार्ड दादाच्या टेबलावर किती चांगलं?' हा प्रश्न विचारायचं काम माझं होतं. आणि माझं म्हणणं हेच आहे, की महागडं कार्ड घेणाऱ्या आपल्यातल्या बहुतेकांचा घोळ इथेच होतो. आपण कार्डाची परीक्षा घेतो, आपल्या सेटअपची घेत नाही. स्टीमच्या दरमहाच्या सर्वेक्षणात आजही सगळ्यात जास्त खेळणारे फुल एचडी स्क्रीनवरच आहेत. आपण मात्र फोरकेचे आलेख बघून भारावतो.

आता कंपन्यांकडे येते. मास कॉमच्या पहिल्या वर्षात शिकवतात, की आकडा दिसला की विचारा: कोण सांगतंय आणि नेमकं काय मोजलंय? जानेवारी २०२५मध्ये लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सांगितलं, की ५४९ डॉलरचं ५०७० हे कार्ड ४०९०च्या तोडीची कामगिरी देईल. ४०९० बाजारात आलं होतं १,५९९ डॉलरला. ऐकून कुणालाही वाटेल, दिवाळी आली! पण हा दावा उभा होता 'मल्टी फ्रेम जनरेशन' नावाच्या सोयीवर. यात तेव्हा कार्ड एक चित्र खरंखुरं काढायचं आणि त्याच्या जोडीला तीनपर्यंत चित्रं एआयकडून बनवून मध्ये भरायचं. म्हणजे कोपऱ्यात १२० दिसत असेल, तर गेमने प्रत्यक्षात काढलेली चित्रं ३० असू शकतात. डोळ्याला हालचाल मऊ वाटते, पण तुमच्या क्लिकची दखल गेम त्या तीसच्याच वेगाने घेतो.

'सायबरपंक २०७७'मध्ये रात्रीच्या पावसात फिरताना ही सोय मस्त वाटते, मी स्वतः बघितलंय. पण 'व्हॅलोरंट'मध्ये समोरचा कोपऱ्यातून बाहेर आल्यावर मधली बनवलेली चित्रं तुम्हाला वाचवणार नाहीत. तेव्हा सोय वाईट नाही, तिचा आकडा खऱ्या आकड्याच्या शेजारी उभा करणं वाईट आहे. ही सोय वगळून अनेकांनी केलेल्या तपासणीत ५०८० हे आधीच्या ४०८० सुपरपेक्षा फोरकेवर साधारण दहा-पंधरा टक्केच पुढे निघालं. दोन्हींची मेमरी १६ जीबी, दोन्हींची अमेरिकेतली जाहीर किंमत ९९९ डॉलर. कंपनीच्या आलेखातली उडी मात्र दुपटीची होती.

सरासरी एफपीएसचंही तसंच. स्टॉपवर अर्धा तास बस येत नाही आणि मग एकदम तीन येतात. सरासरी काढली तर दर दहा मिनिटाला बस! कार्डाचंही असं होतं. सरासरी १०० असते, पण ऐन गोळीबारात चित्र अडखळतं. म्हणून रिव्ह्यूमध्ये 'वन पर्सेंट लो' असा एक आकडा देतात. सगळ्यात संथ एक टक्का चित्रांच्या वेळी वेग किती होता, ते त्यातून कळतं. आपण तो बघतच नाही, कारण तो नेहमी लहान असतो आणि लहान आकड्याची रील होत नाही.

यावर मित्र म्हणतात, "आवड आहे, पैसे त्याचे, तुला काय?" मान्य. कुणी बुलेट घेतं, कुणी आयफोन घेतं, गेमिंगवरच नाक मुरडायचं कारण नाही. 'एवढ्या पैशात काय काय आलं असतं' हे भाषण मलाही नको असतं. कुणी म्हणेल, "पुढची पाच वर्षं बघायला नको." तेही ठीक, पण मग पाच वर्षांत स्क्रीन आणि प्रोसेसर कधी बदलणार, हेही आजच ठरवायला हवं. आणि जो ब्लेंडरमध्ये थ्रीडी काम करतो किंवा व्हिडिओ एडिटिंगवर कमावतो, त्याला असं कार्ड कमाईचं साधन आहे. माझा आक्षेप खर्चाला नाही. खर्च केलेला पैसा आपल्या डोळ्यांपर्यंत पोचत नाही, याला आहे. ५०८०ची भारतातली जाहीर किंमत १,०७,००० रुपये होती. आपल्यापैकी अनेकांच्या वर्षाच्या फीपेक्षा जास्त.

म्हणून कुणी आता मला विचारलं, तर मी रिव्ह्यूची लिंक पाठवत नाही. आधी घरच्या घरी एक फुकटची तपासणी करायला सांगते. आपल्या आवडीचा गेम चालू करा, एफपीएसचा आकडा लिहून घ्या. मग फक्त रेझोल्यूशन कमी करा. आकडा चांगला वाढला, तर अडचण कार्डाची आहे, नवं कार्ड उपयोगी पडेल. आकडा जागचा हललाच नाही, तर बहुधा प्रोसेसर अडतोय आणि लाखाचं कार्डही तिथे हात टेकेल. त्यानंतर कागदावर लिहा: स्क्रीनचं रेझोल्यूशन, तिचे हर्ट्झ, पॉवर सप्लाय किती वॉटचा, आणि गेल्या महिन्यात खरोखर खेळलेले तीन गेम. खेळणार आहात ते नव्हे, खेळलेले. मग रिव्ह्यू उघडा आणि आपल्या रेझोल्यूशनचा, फ्रेम जनरेशन बंद असलेला आकडा शोधा. बऱ्याच जणांना तेव्हा कळेल, की कार्ड निम्म्या किमतीचं घेऊन उरलेल्यातून चांगली स्क्रीन घेतली, तर फरक दारातून बघणाऱ्यालाही दिसेल.

ही तपासणी आम्ही त्या रात्री केली. कार्ड लावून झाल्यावर. रेझोल्यूशन कमी केलं, आकडा १७०वरच राहिला. दादा काही बोलला नाही. "भारी आहे गं," एवढंच म्हणाला आणि पोहे खाल्ले.

त्याचे हप्ते अजून चालू आहेत, मॉनिटर तोच आहे. नव्या मॉनिटरसाठी तो दर महिन्याला थोडे पैसे बाजूला काढतो, हे मला मावशीकडून कळलं. त्याने मला एकदाही ऐकवलं नाही, आणि मीही अजून सॉरी म्हटलेलं नाही. हे पान त्यांच्या घरी दर आठवड्याला वाचलं जातं. दादा, वाचून झालं की फोन कर. मॉनिटर बघायला लॅमिंग्टन रोडला मी सोबत येते. या वेळी एक्सेल शीट आणणार नाही, मावशीला आणू.