दुसरी पट्टी कुठे आहे?

आज गेम खेळायच्या कॉम्प्युटरला 16 जीबी रॅम लागते, आणि ती आठ-आठच्या दोन पट्ट्यांत लागते. उत्तर एवढंच आहे. पण निकाल लागून इंजिनीअरिंगचे प्रवेश सुरू झाले की काटोल, उमरेड, भंडाऱ्याहून पोराला घेऊन नागपूरच्या सीताबर्डी-धंतोलीतल्या दुकानांत लॅपटॉप घ्यायला आलेल्या बापाला हे उत्तर क्वचितच मिळतं. खिसा हलका दिसला तर त्याला ऐकवतात, ‘‘काका, आठ जीबी भरपूर होते, पुढं वाढवता येते ना जी.’’ खिसा जड दिसला तर, ‘‘बत्तीस टाकून घ्या, पाच वर्षं पाहा लागत नाही.’’ या दोन्ही वाक्यांचा मला मनापासून संताप येतो. ऐकणाऱ्याकडे ती तपासायचं काही साधन नसतं आणि बोलणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

आधी ‘आठ भरपूर’ घेऊ. गेम बनवणाऱ्या कंपन्या आपल्या गेमची गरज स्वतःच छापतात, त्यामुळे इथं कुणाच्या मताचा प्रश्नच नाही. 2015 मध्ये ‘जीटीए फाइव्ह’ पीसीवर आला तेव्हा किमान 4 जीबी मागत होता आणि 8 सुचवत होता. ‘सायबरपंक 2077’ 2020 मध्ये किमान 8 वर आला; 2023 मध्ये त्याच्याच निर्मात्यांनी किमान आकडा 12 वर आणि सुचवलेला 16 वर नेला. त्याच वर्षी आलेला ‘हॉगवर्ट्स लेगसी’ किमानच 16 मागतो. ‘व्हॅलोरंट’ 4 वर आणि ‘काउंटर-स्ट्राइक 2’ 8 वर भागवतो हे खरं, पण तेही कागदावर. विंडोज 11 नुसतं सुरू होऊन बसलं तरी तीन-चार जीबी खातं. वर पोरांचं डिस्कॉर्ड चालू, मागं ब्राउझरच्या दहा खिडक्या उघड्या. जागा संपली की विंडोज उरलेला माल डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा उचलून आणतं. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी मंद असल्यामुळे ऐन लढाईत चित्र अडकतं. ज्या लॅपटॉपात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, तिथं तर याच आठ जीबीतून ग्राफिक्सचाही वाटा जातो. अनेक लॅपटॉपांत सहा जीबीदेखील वापरायला उरत नाही, आणि टास्क मॅनेजरमध्ये हा आकडा ढळढळीत दिसतो. ‘भरपूर’ म्हणणाऱ्यानं तो उघडून दाखवावा.

पण माझा खरा राग जीबीच्या आकड्यावर नाही. तो आहे एका पट्टीवर. कंपन्या पाऊण-एक लाखाच्या लॅपटॉपावर ‘गेमिंग’ असा शिक्का मारतात, लाल-निळे दिवे लावतात, आणि आत रॅमची एकच पट्टी बसवून दुसरा स्लॉट रिकामा सोडतात. प्रोसेसरला मेमरीकडे जायच्या दोन वाटा असतात. पट्टी एकच असेल तर एक वाट बंद. डीडीआर 4 ची 3200 वेगाची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त 25.6 जीबी माल पोचवते, दोन पट्ट्या 51.2. जीबी तेवढेच, वेग निम्मा. ज्याचं ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच आहे, अशा मशीनवर हा फरक कुणालाही दिसतो. वेगळं कार्ड असलेल्या मशीनवरही बऱ्याच गेममध्ये फ्रेम पडतात. खोक्यावर मात्र ‘16 जीबी डीडीआर 4’ एवढंच. किती पट्ट्या, किती स्लॉट, अवाक्षर नाही. आता डीडीआर 5 आल्यापासून एक नवं पालुपद ऐकू येतं: ‘‘याच्या एका पट्टीतच दोन चॅनल असतात, दुसरी लागत नाही.’’ साफ दिशाभूल. डीडीआर 5 च्या पट्टीत 32-32 बिटांचे दोन भाग असतात, पण मिळून रुंदी तीच 64 बिटांची. प्रोसेसरची दुसरी वाट बंद ती बंदच.

‘पुढं वाढवता येते’ हे तर याहून वाईट. बारीक, हलक्या लॅपटॉपांत रॅम आता मदरबोर्डवर सोल्डर केलेली येते. ती कुणी काढू शकत नाही, वाढवू शकत नाही. काहींत अर्धी सोल्डर आणि एक स्लॉट, काहींत स्लॉटच नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 24 डिसेंबर 2022 ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूही आहेत. पण दुरुस्तीचा हक्क मिळून काय उपयोग, जर बदलायचा भागच डाग देऊन कायमचा जोडला असेल? कंपन्यांनो, सोल्डर करायचं तर करा. पण खोक्यावर ठळक छापा. न छापणं ही मी फसवणूकच मानतो.

बत्तीस जीबी कुणाला लागते? ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’नं 2020 मध्ये 32 चा आकडा ‘आदर्श’ म्हणून दिला होता. ढिगानं मॉड घालून शहरं उभारणाऱ्याला लागते, खेळता खेळता व्हिडिओ रेकॉर्ड करून तोच एडिट करणाऱ्याला लागते. बाकीच्यांनी ते पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत, कारण 4 जीबीच्या कार्डाची कमतरता रॅमच्या 32 जीबी भरून काढत नाहीत. ती मेमरी वेगळी, तिचा वेग वेगळा. खेळताना 16 पैकी 12 जीबी भरलेली दिसली म्हणून घाबरायचंही कारण नाही. मोकळी जागा दिसली की गेम आणि विंडोज ती वापरून घेतात. तोच गेम 32 वर लावा, तो आणखी पसरेल.

आणि आपल्या गावाचं म्हणून एक सांगतो. एप्रिल-मेमध्ये ‘गेम अडकतो’ म्हणून दुरुस्तीला आलेल्या लॅपटॉपात रॅम वाढवून दिली जाते. अडकायचं कारण बहुतेकदा ऊन असतं. बाहेर 45 अंश, लॅपटॉप गादीवर, खालची जाळी दबलेली, पंख्यात वर्षाची धूळ. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. त्याला सफाई आणि नवी थर्मल पेस्ट हवी असते. बिल मात्र रॅमचं होतं. 30 मे 2024 ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले, तेव्हा हवामान खात्यानं संवेदक बिघडल्याचं सांगितलं आणि आपण ते मान्य केलं. आकडा दाखवणाऱ्याला जाब विचारता येतो हे या शहराला माहीत आहे. मग दुकानात गप्प का बसायचं?

रॅमच्या किमती पाहिल्या की हा प्रश्न आणखी टोचतो. 2025 च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव दुपटीच्याही पलीकडे गेले. रॅमच्या पट्टीवरच्या चिप, म्हणजे डीरॅम, जगात बहुतेक सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि तिघींचं लक्ष एआयच्या डेटा सेंटरकडे आहे. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉननं ‘क्रूशियल’ हा घरगुती ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. याच मायक्रॉननं गुजरातेत साणंदला चिप जोडणी-तपासणीचा 2.75 अब्ज डॉलरचा प्रकल्प हाती घेतला, आणि त्याचा निम्मा खर्च केंद्र सरकार उचलतं, वर 20 टक्के गुजरात सरकार. म्हणजे काटोलच्या त्या बापाच्या करातून कंपनीला भांडवल, आणि त्याच्या पोराला लागणाऱ्या पट्टीपुरतं तिचं दार बंद. पट्टीवर 18 टक्के जीएसटी आहेच. 2023 मध्ये जेव्हा हा करार गाजावाजा करून जाहीर झाला, तेव्हा घरगुती बाजारात अमुक इतका माल द्याल, अशी अट घालायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

माझी मागणी साधी आहे. लॅपटॉपच्या खोक्यावर चार गोष्टी छापणं सक्तीचं करा: पट्ट्या किती, रिकामे स्लॉट किती, सोल्डर केलेली किती, आणि जास्तीत जास्त किती घालता येते. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत जाणून घ्यायचा हक्क देतो. त्याच्या आधारे हे मागता येतं. ते होईपर्यंत, काका, ‘16 जीबी’ एवढ्या दोन शब्दांवर पैसे मोजू नका. ‘8+8, दोन पट्ट्या, सोल्डर नाही’ हे पक्क्या बिलावर दुकानदाराच्या अक्षरात, शिक्क्यासह लिहून घ्या. तो नाही म्हणाला तर तिथून उठा. लिहून दिलं आणि आत एकच पट्टी निघाली, तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढं ठेवायला तुमच्या हातात कागद आहे.