फी विचारायला लाजायचं कशाला?

मालवणच्या बाजारात सुरमईचा भाव ठरल्याशिवाय आपण पिशवी उघडत नाही. गवंडी असो, सुतार असो की लग्नाचा आचारी, आधी बोलणी होतात, मग काम. पण वकिलाच्या टेबलासमोर बसलं की हीच आपली जीभ गप्प होते. "वकिलाक पैशे किती म्हणान कसा इचारूचा गो?" असं आमच्या महिला मंडळातल्या एक काकी म्हणाल्या, तेव्हा आजूबाजूच्या सगळ्याजणींनी माना डोलावल्या.

वरवर ही साधी भीड वाटते. पण तिची किंमत फार मोठी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे सातबारा म्हणजे नावांची लांबलचक यादी. जमीन आजोबांच्या वेळेपासून सामाईक, निम्मे हिस्सेदार मुंबईला. तारकर्ली-देवबागकडे पर्यटक आले, जमिनीला भाव आला, आणि माहेरून हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावणी येऊ लागली. 'कोर्टात गेलीस तर सगळं वकीलच खाईल' एवढं एक वाक्य ऐकलं की बाई सही करून मोकळी होते. भावाला स्वखुशीने हिस्सा सोडला, तर त्याला कोणाचीच हरकत नाही. पण फीचा आकडा माहीतच नाही, म्हणून घाबरून हक्क सोडणं मला पटत नाही.

हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क 2005 च्या कायदा दुरुस्तीने दिला. त्या वेळी वडील हयात नसले तरी हा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. मात्र त्याआधीच रीतसर वाटप झालेलं नसावं लागतं. कायदा आपल्या बाजूने आला, आपण मात्र फीच्या धास्तीने दारातच थांबलो!

मैत्रिणींनो, कोर्टाचा खर्च म्हणजे एकच गाठोडं नसतं. त्यात तीन गोष्टी असतात. पहिली, वकिलांची स्वतःची फी. ती कोणी पूर्ण कामाची एकरकमी घेतात, कोणी टप्प्याटप्प्याने, तर कोणी प्रत्येक तारखेला. दुसरी, कोर्ट फी. ती सरकारला जाते, वकिलांना नाही. पोटगी, घटस्फोट, मारहाण आणि नवरा-बायकोच्या वादातून उठलेला मालमत्तेचा दावा, यांत महाराष्ट्र सरकारने 1994 पासून बायकांना ती माफ केलेली आहे. तिसरा किरकोळ खर्च, म्हणजे टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, नकला, समन्सचा भत्ता. नावाला किरकोळ, पण वर्षानुवर्षं चालला की डोंगर होतो.

म्हणून पहिल्याच भेटीत विचारायचं. फी किती, आणि त्यात काय काय आलं? तारीख नुसती पुढे ढकलली तरी पैसे द्यायचे का? तुम्ही स्वतः उभे राहणार की तुमचे ज्युनिअर? वाटपाच्या दाव्यात आणखी एक प्रश्न महत्त्वाचा. निकाल लागला म्हणजे जमीन हातात आली असं नाही. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप पुढे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, मोजणी होते. ते काम ठरलेल्या फीत धरलंय की वेगळं? उत्तरं वहीत लिहून घ्यावीत, जमल्यास त्याखाली वकिलांची सही घ्यावी, आणि दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती मागावी. अशिलाच्या पैशांचा हिशोब ठेवणं हे वकिलांवर नियमाने बंधनकारक आहे. पावती मागितली म्हणजे अविश्वास दाखवला, असं मुळीच नाही.

वकिलांचीही बाजू आहे. त्यांना जाहिरात करायला मनाई आहे, त्यामुळे दाराशी दरपत्रक लावलेलं दिसणार नाही. जुने फेरफार वाचण्यात त्यांचे दिवस जातात आणि घर त्यांनाही चालवायचं असतं. मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे. पण 'जमीन मिळाली की त्यातले दोन गुंठे मला' असा सौदा नियमात बसत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळकतीत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. फी थकली म्हणून अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच सांगितलं आहे. वकील बदलण्याचा हक्क आपल्याला आहे. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करता येते. ग्राहक मंचाकडे मात्र नाही. वकिलांची सेवा त्या कायद्यात येत नाही, असा निकाल 2024 मध्ये लागला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पैसेच नसतील तर? 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. तिचं उत्पन्न किती, नवऱ्याचा पगार किती, याच्याशी त्याचा संबंध नाही. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, ओरोसला जिल्हा प्राधिकरण आहे. साधा अर्ज करायचा किंवा 15100 या क्रमांकावर फोन करायचा. वकिलाबरोबर कोर्ट फी आणि कागदपत्रांचा खर्चही त्यात येतो. 'फुकटचा वकील काय काम करणार?' हा प्रश्न मी नेहमी ऐकते. ते वकील इथलेच, रोज कोर्टात उभे राहणारे असतात. त्यांचा मोबदला प्राधिकरण देतं. पाठपुरावा आपल्याला करावाच लागतो, पण तो पैसे मोजून लावलेल्या वकिलाकडेही करावा लागतोच की!

अंतराचा खर्चही थोडा कमी झालाय. उच्च न्यायालयासाठी आपल्या जिल्ह्याला मुंबई गाठावी लागायची. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आणि सिंधुदुर्ग त्याला जोडला गेला. घाट चढून जावं लागतं हे खरं, पण मुंबईच्या रात्रभराच्या प्रवासापेक्षा आणि तिथल्या मुक्कामापेक्षा ते परवडतं.

बचत गटात आपण कर्जाचे हप्ते, व्याज, सगळं तोंडपाठ ठेवतो. तशीच एक बैठक या विषयावर ठेवावी. विधी सेवा समितीला लेखी कळवलं तर त्यांचे वकील गावात येऊन माहिती देतात, तेही विनामूल्य. भांडायचं की सोडून द्यायचं, हे ज्या त्या बाईने ठरवावं. पण ठरवण्याआधी खर्चाचा आकडा तिच्यासमोर असायला हवा. आणि आकडा हवा, तर तोंड उघडून विचारायला हवं.