दोघे आहेत तोवर



गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही घराकडे वळलो, तो व्हरांड्यातील बाकावर एक वृद्ध दांपत्य बसलेले दिसले. रात्रीच्या गाडीने ते कल्याणहून बऱ्हाणपुरास आले होते. गृहस्थांचे वय सत्त्याहत्तर, बाईंचे त्र्याहत्तर. पायांशी एक पिशवी. पिशवीत मेणबत्त्यांचा पुडा आणि एक खुरपे. पाहुण्यांच्या सामानात खुरपे सहसा आढळत नाही. तेव्हा चहा पुढे ठेवून आम्ही विचारपूस केली.

“फादर, आम्ही मूळचे वसईकडचे, पण उमर गेली ती नेपानगरात,” गृहस्थ म्हणाले. “कागद कारखान्यात माझी चौतीस वर्षे नोकरी झाली.”

आमच्या तरुण वाचकांस नेपानगर हे नाव कदाचित परिचयाचे नसेल. बऱ्हाणपूरहून खंडव्याकडे जाताना रेल्वेमार्गावर हे गाव लागते. वृत्तपत्री कागद तयार करणारा आपल्या देशातील पहिला कारखाना येथे उभा राहिला, आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्रास अर्पण झाला. भोवतालच्या जंगलातील सलई व बांबू यांचा लगदा करून त्याचा कागद होई. अनेक प्रांतांतील माणसे पोटासाठी येथे आली, शेजारी झाली आणि एकमेकांच्या लग्नकार्यांत वाढपी झाली. २०१६ साली नूतनीकरणासाठी तेथील उत्पादन थांबले व २०२२ साली यंत्रे पुन्हा सुरू झाली. आमचे पाहुणे मात्र त्यापूर्वीच सेवानिवृत्त होऊन मुलाकडे गेलेले.

निवृत्तीनंतर इतक्या वर्षांत त्यांना एकदाही इकडे येता आले नव्हते. दर वर्षी विषय निघे आणि दर वर्षी मुले म्हणत, “बाबा, तिथे आता आपले कोण आहे? गुडघे दुखतात, प्रवास झेपायचा नाही.” मुले वाईट नव्हेत, काळजीपोटीच बोलत. परंतु या खेपेस बाईंनी थोरल्यास सांगितले, “कोण आहे ते तुला ठाऊक नाही. तू तेव्हा जन्मला नव्हतास.”

त्यांचे पहिले मूल आमच्या दफनभूमीत होते. १९७९ साली तापाने फणफणलेल्या अकरा महिन्यांच्या त्या मुलीस नेपानगरहून बऱ्हाणपुरास उपचारासाठी आणले होते. ती वाचली नाही, व येथेच तिला माती देण्यात आली.

आम्ही मृत्यूची जुनी नोंदवही काढली. नाव मिळाले, तारीख मिळाली. जागेचा मात्र उल्लेख नाही. दोघांस घेऊन आम्ही दफनभूमीत गेलो. मृतांच्या स्मरणाचा महिना, म्हणून बरेचसे गवत कापलेले होते. तरी मागच्या बाजूची लहान मुलांची रांग केव्हाच जमिनीशी एकजीव झालेली.

बाई म्हणाल्या, “चिंचेपासून सात पावले.” परंतु चिंच कोठे आहे? ती कधीच पडली. त्या गोंधळल्या. तेव्हा गृहस्थ म्हणाले, “अगं, चिंच विहिरीच्या अंगाला होती. सावली विहिरीवर पडायची.” विहीर होती, तिच्यापाशी झाडाचा जुना बुंधाही मातीत सापडला. तेथून कोणत्या दिशेस जावे हे त्यांस आठवेना. आता बाईंची पाळी. “अहो, आपण उभे होतो तेव्हा ऊन माझ्या पाठीवर होतं, संध्याकाळचं.” म्हणजे पूर्वेस. गृहस्थांनी पावले मोजली, बाईंनी ती चुकली म्हणून पुन्हा मोजावयास लावली. मग खुरपे निघाले. चार बोटे माती सरताच एका विटेची कड लागली. मग दुसरी, मग तिसरी. त्या अकरा विटा गृहस्थांनी स्वतः आपल्या हातांनी लावल्या होत्या, महिन्यास एक याप्रमाणे.

मेणबत्त्या लागल्या, प्रार्थना झाली. बाई बराच वेळ त्या विटांवरून हात फिरवीत बसल्या. मग त्यांनी विचारले, “फादर, आम्ही फार उशीर केला का?”

“नाही, बाई. तुम्ही दोघे आलात,” एवढेच आम्हांस सुचले. त्या दिवसापासून या उत्तराचा आम्ही विचार करीत आहो. त्या दोघांपैकी एकटे कोणी आले असते, तर ती जागा सापडली नसती. पावले एकीपाशी होती, विहीर दुसऱ्यापाशी. संसाराची आठवण अशीच दोघांत वाटलेली असते, आणि दोन्ही वाटे जुळल्यावाचून ती पुरी होत नाही.

याच संदर्भात आपल्या मध्यप्रदेशाच्या एका थोर सुपुत्राचे चरित्र आम्हांस आठवते. चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ साली मंडला जिल्ह्यातील बाबरिया या खेड्यात झाला. वडील जंगल खात्यात नोकरीस. पोराचे चित्त ठिकाणावर राहीना, म्हणून शाळेतील गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसण्यास सांगितले. तोच ठिपका पुढे त्यांच्या चित्रांत ‘बिंदू’ होऊन अवतरला. नागपूर व मुंबई येथे कलाशिक्षण घेऊन १९५० साली ते फ्रान्स देशी गेले. पॅरिसच्या कलाशाळेत जानीन मोंजिला ही फ्रेंच चित्रकार युवती त्यांस भेटली, व १९५९ साली त्यांचा विवाह झाला. पॅरिसमध्ये त्यांचा संसार होता, आणि उन्हाळ्यात ही दोघे दक्षिण फ्रान्समधील गोर्बियो या डोंगरावरील लहानशा खेड्यात राहावयास जात. आपला देशही रझा विसरले नाहीत. ते येथे येत राहिले. १९७८ साली भोपाळात त्यांचा गौरव झाला. नर्मदाकाठची झाडी व माती परदेशी बसून त्यांनी रंगांत उतरविली.

२००२ साली जानीनबाई निवर्तल्या. त्यानंतर आठ वर्षे रझा फ्रान्समध्येच होते. मग २०१० च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, साठ वर्षांचे बिऱ्हाड हलवून ते कायमचे भारतात परतले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीस त्यांचे देहावसान झाले, आणि त्यांच्या इच्छेनुसार मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना मूठमाती देण्यात आली.

वाचकहो, साठ वर्षे थोडी नव्हेत. ज्या देशाने विद्या, कीर्ती आणि सहधर्मचारिणी दिली, तो देश त्यांनी उतारवयात सोडला. आम्हांस त्यातून एकच गोष्ट दिसते. ज्या गावाची आठवण जिच्याशी बोलावी ती व्यक्तीच उरली नाही, म्हणजे ते गाव कितीही सुंदर असो, निम्मे मुके होते.

बऱ्हाणपुरास हे शिकविण्यास फ्रान्सचीही गरज नाही. शहाजहान व मुमताज ही दोघे तरुणपणी, राजपुत्र व राजवधू असताना, या शहरात राहिली होती. १६१७ साली त्यांची कन्या रोशनआरा येथेच जन्मली. दख्खनच्या मोहिमेसाठी १६३० साली ती बादशहा आणि बेगम म्हणून पुन्हा आली. दुसऱ्याच वर्षी, १७ जून १६३१ रोजी, चौदाव्या बाळंतपणात मुमताज वारली. तापीपलीकडे जैनाबादेच्या बागेत तिला प्रथम पुरले, सहा महिन्यांनी तिचा देह आग्र्यास नेण्यात आला. आणि १६३२ साली बादशहा येथून परतला तो एकटाच. जग ताजमहाल पाहावयास आग्र्यास जाते. तापीकाठचे रहिवासी मात्र जाणतात की ज्या गावी दोघे आली होती, ते गाव हे.

म्हणून आमची आपल्या कुटुंबांस एक विनंती आहे. आपल्या घरी वृद्ध आईवडील असतील व जुने गाव, जुनी नोकरीची जागा, लग्न लागले ते मंदिर पुन्हा एकवार पाहावे अशी इच्छा ते बोलून दाखवीत असतील, तर “तिथे आता काय आहे?” असे म्हणू नका. तेथे काय आहे हे त्या दोघांसच ठाऊक असते. भाड्याचा खर्च होईल, दोन दिवसांची मजुरी बुडेल, गुडघे दुखतील. एखादे गाव इतके बदललेले असेल की दोघे हिरमुसून परततील; तेही घडते. परंतु परतताना ती एकमेकांशी बोलत परततील.

आणि वृद्ध वाचकांसही सांगणे आहे. मुले सवड काढतील, पुढच्या वर्षी पाहू, दाणागोटा झाल्यावर पाहू, असे म्हणत बसू नका. फ्रान्स असो की नेपानगर, तिकीट दोघांचे काढा, आणि ते दोघे आहेत तोवर काढा.

दुपारी आमच्या पाहुण्यांस नेपानगरास पोहोचविले. त्यांच्या जुन्या क्वार्टरात आता दुसरे कुटुंब आहे. त्या घरच्या सूनबाईने अनोळखी म्हाताऱ्यांस आत बोलावून पाणी दिले. बाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या, ओट्यास हात लावला आणि म्हणाल्या, “अहो, ओटा तोच आहे.” गृहस्थ उंबऱ्यावरून म्हणाले, “खिडकी बदलली.” त्यावर दोघांचा थोडा वाद झाला, खिडकी पूर्वी हिरवी होती की निळी. गाडीची वेळ झाली तरी तो वाद मिटला नव्हता.

संध्याकाळच्या गाडीने ती दोघे निघाली. पिशवीत खुरपे नव्हते. ते बाईंनी आमच्या दफनभूमीच्या माळ्यास देऊन टाकले होते; वर्षातून एकदा तेवढे गवत काढावे म्हणून.