जुन्या मालाचे छोटे घर : कारीगरांनी एकत्र येण्याची गरज

खान्देशात गावोगावी जुने वाडे आणि धाब्याची घरे पाडून त्या जागी स्लॅबची घरे उभी राहत आहेत. काळ बदलतो, त्याला कोणी अडवू शकत नाही. प्रश्न पाडलेल्या घराच्या मालाचा आहे. सागवानाचे खांब, तुळया, चौकटी, दारे, विटा, कौले हा सर्व माल सुटासुटा विकला जातो. चांगले लाकूड मोठ्या शहरांतील फर्निचरवाल्यांकडे जाते, उरलेले जळणात जाते आणि विटा भरावात. दुसरीकडे आपल्याच वस्त्यांत माग कामगार आणि हातगाडीवाले पत्र्याच्या खोलीत संसार करतात. मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४५ अंशांवर गेला की त्या खोलीत लहान मूलही झोपू शकत नाही.

माझे म्हणणे एवढेच की, या दोन गोष्टी जोडण्याचे हुनर आपल्या हातात आहे. भंगारवाला, सुतार, गवंडी आणि वेल्डर हे चारही कारीगर आपल्या मोहल्ल्यात शेजारी-शेजारी राहतात. परंतु प्रत्येक जण आपापला तुकडा विकतो. चौघांनी मिळून दोनशे-अडीचशे चौरस फुटांचे पूर्ण घर बांधून दिले, तर मजुरी आणि नफा दोन्ही गावातच राहतील.

ही कल्पना नवी नाही. १९४५ साली भारतात आलेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनी केरळात पाडलेल्या इमारतींची दारे-खिडक्या वापरून स्वस्त आणि देखणी घरे बांधली. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. अलीकडे दौलताबादजवळ दोन तरुणींनी प्लास्टिकच्या हजारो बाटल्यांत टाकाऊ प्लास्टिक ठासून भरले आणि त्यांच्या भिंती रचून घर उभे केले. आपल्या जळगावचा चटई उद्योग पाहा. जुन्या प्लास्टिकचा दाणा करून विणलेली चटई दूरदूर विकली जाते, तिला कोणी भंगार म्हणत नाही.

माल मात्र पारखून घ्यावा लागतो. चुन्यात किंवा मातीत रचलेली वीट अखंड निघते, सिमेंटमधली फुटते. जुने सागवान पूर्ण वाळलेले असल्याने सहसा वाकत नाही, पण वाळवी ठोकून-टोचून पाहावी आणि करवतीखाली देण्यापूर्वी खिळे काढावेत. गंजलेली सळई सरळ करून स्लॅबमध्ये घालणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. जुने ॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे कापू नयेत, त्यांची धूळ फुप्फुसाला घातक असते. विटा कमी पडल्या तर दीपनगरच्या वीज केंद्राच्या राखेपासून बनलेल्या विटा आहेत. छपराला कौले घातली आणि समोरासमोर झरोके ठेवले, तर नुसत्या पत्र्यापेक्षा खोली नक्कीच थंड राहते.

धाब्याच्या घरात गारवा असतो, म्हणून जुन्या लाकडावर पुन्हा मातीचे जड छप्पर चढवण्याचा मोह होईल. त्यांनी ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवावा. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीची जड छपरे कोसळून हजारो माणसे गाडली गेली. जुना माल वापरायचा तो हलक्या छपरासाठी आणि पक्क्या बांधणीसाठी.

आता व्यापाराची गोष्ट. आम्ही कापडवाले कटपीस आणि फेंट विकतो. ‘हा फेंट आहे, यात डाग आहे’ असे तोंडावर सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत येते. ताजा माल म्हणून डागी कापड खपवणारा एकदाच कमावतो. जुन्या बांधकाम मालाचा बाजार बदनाम आहे तो नेमका याच कारणाने. म्हणून लाकडाचे आणि विटांचे अव्वल, दुय्यम आणि जळाऊ असे दर्जे ठरवावेत, भाव पाटीवर लिहावेत आणि बिलावर दोष नोंदवावा. माल कोठून आला त्याचा कागद ठेवावा. भुसावळसारख्या ठिकाणी रेल्वेचे भंगार घेणाऱ्याने लिलावाची पावती जपलीच पाहिजे. रेल्वेच्या चोरीच्या मालाबाबतचा १९६६ चा कायदा कडक आहे. एकाच्या लोभाने सगळा मोहल्ला चौकशीत सापडतो.

गिऱ्हाईक कोठून येणार, असे कोणी विचारील. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे असते आणि अनुदान हप्त्याहप्त्याने लाभार्थीच्या खात्यात येते. त्या रकमेत घर पुरे करताना गरीब माणूस कर्जात बुडतो. पंचायत समितीच्या अभियंत्याला आधी विचारून दारे, चौकटी, विटा जुन्या घेतल्या, तर त्याचा भार हलका होईल. शेतावरची खोली, रखवालदाराची खोली, लहान दुकान हीसुद्धा गिऱ्हाइकेच आहेत.

जुन्या मालाचे घर म्हणजे गरिबीची निशाणी, ही लाज आधी सोडली पाहिजे. वाड्यात शंभर वर्षे टिकलेले सागवान आज नव्याने घ्यायला श्रीमंतही विचार करतो. जळगाव आणि धुळ्यात प्रत्येकी चार कारीगरांनी भागीदारीचा कागद करून नमुन्याची एक खोली बांधावी, तिचा पै-पैचा हिशेब भिंतीवर लावावा आणि मे महिन्यात लोकांना आत बसवावे. घर घ्यायचे की नाही, ते त्या उन्हात बसलेले गिऱ्हाईकच ठरवील.