अझ्यूम सूटेबल डेटा!

आपल्या प्रत्येक पेपरच्या पहिल्या पानावर सूचनांमध्ये एक ओळ असते. ‘अझ्यूम सूटेबल डेटा, इफ नेसेसरी.’ सिलॅबस बदलला, पॅटर्न बदलला, पण ही ओळ काही हलली नाही. माझ्यासारख्या पोराला हिचा केवढा आधार! डिझाईनच्या पेपरात फॅक्टर ऑफ सेफ्टी दिला नाही? घे 2. काही आठवत नाही? गृहीत धर आणि पुढे चल. उत्तराखाली दोन रेघा मारल्या की झालं.

गेल्या वर्षी विंगमधल्या चौघांनी मिळून जीमॅटची तयारी सुरू केली, तेव्हा याच ओळीने माझा घात केला. त्या परीक्षेत ‘डेटा सफिशियन्सी’ नावाचा प्रकार असतो. एक प्रश्न आणि त्याखाली दोन विधानं. उत्तर काढायचंच नाही. दिलेल्या माहितीवरून उत्तर निघू शकतं का, एवढंच सांगायचं. पर्याय पाच आणि कायम तेच: ए म्हणजे पहिलं विधान एकटं पुरेसं, बी म्हणजे दुसरं एकटं पुरेसं, सी म्हणजे दोन्ही एकत्र हवीत, डी म्हणजे कुठलंही एक चालेल, ई म्हणजे दोन्ही मिळूनही भागत नाही. 2023 च्या नोव्हेंबरात जीमॅटचं नवं रूप आलं, तेव्हा हे प्रश्न गणिताच्या विभागातून उचलून ‘डेटा इनसाइट्स’मध्ये टाकले. तिथे 45 मिनिटांत 20 प्रश्न, आणि गंमत म्हणजे स्क्रीनवर कॅल्क्युलेटरही मिळतो. मी पहिल्या मॉकमध्ये तो भरपूर वापरला आणि या प्रकारात सपशेल आपटलो. एम-थ्रीमध्ये बऱ्यापैकी मार्क असलेला मी!

माझं नेमकं कुठे चुकत होतं ते कॅन्टीनच्या भाषेत सांगतो. वडापाव 12 रुपये, चहा 7 रुपये. एका ग्रुपने फक्त हेच दोन पदार्थ घेतले. वडापाव किती घेतले? विधान पहिलं: बिल 69 रुपये झालं. विधान दुसरं: सगळे मिळून 7 नग होते.

आपण काय करतो? दोन अज्ञात, दोन समीकरणं, उत्तर सी. हात आपोआप तिकडेच जातो. पण जरा थांबा. अर्धा वडापाव कोणी विकत नाही. 69 मधून 12-12 वजा करत चला: 69, 57, 45, 33, 21, 9. यातला 7 ने भाग जाणारा आकडा एकच, 21. म्हणजे 4 वडापाव, 3 चहा. पहिलं विधान एकटंच पुरेसं होतं! दुसरं एकटं बिनकामाचं, त्यामुळे उत्तर ए.

उलटा सापळाही असतो. दोन समीकरणं समोर असतात, पण दुसरं म्हणजे पहिल्याचीच दुप्पट. अज्ञात दोन आणि माहिती एकच. हे तर आपण एम-वनमध्ये मॅट्रिक्सचा रँक काढताना शिकलोय. सर्किटमध्ये एक लूप जास्तीचा घेतला तर नवीन काही मिळत नाही, शून्य बरोबर शून्य येतं, हेही प्रत्येकाने एकदा तरी भोगलंय. तरी ते ज्ञान पेपर संपला की जर्नलसोबत सबमिट होतं.

आणखी एक गोष्ट पचायला वेळ लागला. ‘नाही’ हेसुद्धा पक्कं उत्तर असतं. एक पूर्ण संख्या सम आहे का? विधान पहिलं: तिला 6 ने भागलं तर बाकी 3 उरते. अशी संख्या विषमच असणार. उत्तर ठाम ‘नाही’, म्हणजे माहिती पुरेशी. विधान दुसरं: ती मूळ संख्या आहे. आता ती 2 असेल तर सम, 3 असेल तर विषम. इथे मात्र काहीच सांगता येत नाही. ‘उत्तर नाही असं आहे’ आणि ‘उत्तर माहीत नाही’ यांत मी कितीतरी दिवस गल्लत करत होतो.

सरावाचं म्हणाल तर एकच युक्ती कामाला आली. पहिलं विधान तपासताना दुसरं हाताने झाकायचं, आणि दुसरं वाचताना पहिलं विसरायचं. हे विसरणं भयंकर अवघड. नुकतंच वाचलेलं डोक्यात शिरून बसतं आणि पुढच्या विधानात आपण ते नकळत मिसळतो.

आता मुद्द्याचं. हे सगळं मला येत असूनही मी काय केलं ते लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

आपली मेस डिव्हायडिंगची. महिन्याचा खर्च भागिले एकूण हजेरी, तो रोजचा दर. गेल्या वर्षी एका महिन्यात दर 84 वरून 94 झाला. विंगमध्ये बोंबाबोंब. कोणीतरी स्वयंपाकाच्या काकांना संध्याकाळी पिशवी घेऊन जाताना पाहिलं होतं. विधान पहिलं: दर वाढला. विधान दुसरं: पिशवी. दोन्ही एकत्र करून आम्ही सी लिहून मोकळे. अर्ज मी लिहिला, कारण अक्षर माझं बरं. खाली चाळीस सह्या. काकांना ‘चौकशी होईपर्यंत येऊ नका’ असं सांगण्यात आलं.

चौकशीत रजिस्टर उघडलं. आधीच्या महिन्यात हजेरी 3,200 आणि खर्च 2,68,800. त्या महिन्यात पीएल लागली, पोरं गावी गेली, खाडे वाढले. हजेरी 2,400 आणि खर्च 2,25,600. खर्च वाढला नव्हता, चक्क कमी झाला होता! पण पगार आणि बाकीचे ठरलेले खर्च मिळून 96,000 रुपये दोन्ही महिन्यांत तेवढेच. ते कमी ताटांवर वाटले गेले. ताटामागे धान्य-भाजीचा खर्च दोन्ही महिन्यांत 54 रुपयेच होता, एक पैसा इकडेतिकडे नाही. पिशवीत काय होतं ते आजही आम्हाला माहीत नाही. डबा असेल, भाजी असेल, काहीही असेल.

काकांना परत बोलावलं, पण ते आले नाहीत. त्यांना दुसरीकडे काम लागलं असं कळलं. मी अर्ज लिहिला त्या दिवशी दुपारी डेटा सफिशियन्सीचे तीस प्रश्न सोडवून उठलो होतो, आणि त्यातले सव्वीस बरोबर होते.

म्हणून माझं मत असं की या प्रश्नांना फक्त एमबीएवाल्यांचं खूळ समजू नये. कॅट कागदावर व्हायची त्या काळात तिच्यातही हे प्रश्न असायचे, आणि सीनियर्सची जुनी पुस्तकं अजून रीडिंग रूमच्या कपाटात पडून आहेत. एमबीए करायचं नसलं तरी चाळा.

आणि सर-मॅडमना एक विनंती. इंटर्नल टेस्टमध्ये एखादा तरी प्रश्न असा टाका, ज्याचं बरोबर उत्तर ‘दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही’ हे असेल. मी हे आमच्या एका सरांना बोललो तर ते हसून म्हणाले, “मग सगळा वर्ग सगळ्याच प्रश्नांना तेच लिहून बाहेर पडेल.” बरोबर आहे, आमची कीर्तीच तशी! पण त्यावर उपाय सोपा आहे, सर. नेमकी कोणती माहिती कमी पडतेय आणि ती कुठल्या रजिस्टरमध्ये मिळेल, हे जो लिहील त्यालाच मार्क द्या.