झाकण वाजलं का?

आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवर, अगदी वरच्या फळीला, स्टीलचा एक जुना डबा आहे. झाकण सैल झालंय, त्यामुळे पीठ-मीठ काही ठेवायच्या लायकीचा तो उरलेला नाही. तरी तो भंगारात जात नाही, कारण 2018च्या नोव्हेंबरापासून त्याच्याकडे एक काम आहे. रात्री मला दचकून जाग आली की मी आधी कानोसा घेतो. झाकण थरथरत असेल तर धक्का जमिनीचा. नसेल तर माझा.

डहाणू-तलासरीकरांना हे समजावून सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. त्या नोव्हेंबरात धुंदलवाडीच्या आसपास जमीन हलायला लागली आणि थांबेचना. आधी खालून सुरुंग उडाल्यासारखा आवाज, मग हादरा. 1 फेब्रुवारी 2019ला तर एका दिवसात पाठोपाठ धक्के बसले. त्यातला मोठा 4.1 तीव्रतेचा. घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी गेली. महिन्याने, 1 मार्चला, 4.3चा बसला. थंडीच्या दिवसांत माणसं अंगणात, तंबूत झोपली. शाळा झाडाखाली भरल्या. आम्ही मास्तर लोक फळा आंब्याच्या बुंध्याला टेकवून पाढे घ्यायचो, आणि आवाज आला की पोरं पाढा तिथेच सोडून आमच्या तोंडाकडे बघायची.

माझे स्वतःचे धक्के त्याहून जुने. 1991 साली नोकरीसाठी फिटनेसचा दाखला घ्यायला गेलो, तर डॉक्टर छातीला नळी लावून गप्पच झाले. मग म्हणाले, “उकिडवे बसा.” बसलो. “आता उठा.” उठलो. पुन्हा बसा, पुन्हा उठा. तेही नळी कानात ठेवून माझ्याबरोबर खाली-वर. मला वाटलं, शारीरिक शिक्षणाच्या जागेची परीक्षा चाललीय! ते ऐकत होते एक बारीकसा ‘टक्’. उकिडवं बसलं की हृदयात रक्त जास्त भरतं आणि तो ‘टक्’ उशिरा येतो. उभं राहिलं की लवकर. त्यावरून त्यांनी ओळखलं: मायट्रल व्हाल्व प्रोलॅप्स, म्हणजे हृदयातली एक झडप सैल असणं. हा आवाज हृदयाच्या बाहेरून कुठून तरी येतो, अशीच डॉक्टरांची वर्षानुवर्षं समजूत होती. तो या झडपेचाच, हे 1963 साली जोहान्सबर्गच्या जॉन बार्लो यांनी दाखवून दिलं.

झडपेचं म्हणाल तर, तंबूत राहिलेल्या माणसाला ती चटकन कळते. हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये दोन पाकळ्यांची ही झडप. पाकळ्यांना खालून दोर बांधलेले, तंबूला तणावे असतात तसे. माझ्या पाकळ्यांचं कापड जरा जास्त आणि तणावे जरा लांब. खालचा कप्पा आवळला की पाकळी वरच्या कप्प्यात फुगते, वाऱ्यात तंबूचं कापड फुगावं तशी. तणावा ताणला की ‘टक्’. शंभरात दोन-तीन माणसांना हे असतं आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

मला मात्र पत्ता होता, कारण माझ्या ठोक्यांची लयही बिघडते. आपल्याकडे म्हणतात काळजाचा ठोका चुकला. तो चुकत नाही, वेळेआधी येतो. विरारची लोकल 2013 साली डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून मी हे लोकलवरूनच समजावतो. एखादी गाडी वेळेच्या आधी सुटली तर ती रिकामीच जाते. मनगटावर नाडी धरलेल्याला तो ठोका लागतही नाही. मग फलाटावर खोळंबा. आणि त्यानंतरची गाडी येते ती खच्चून भरलेली. छातीत जो धाडकन आदळतो तो हा नंतरचा ठोका. तो बिचारा अगदी शहाणा, वेळापत्रकाप्रमाणे आलेला. घाबरतो आपण त्यालाच.

हे मला कळायला बारा-तेरा वर्षं गेली. दाखल्यानंतर ज्या डॉक्टरांकडे गेलो, ते एवढंच म्हणाले, “झडप सैल आहे, जपून राहा.” कशाला जपायचं, ते सांगितलं नाही. मग मी सगळ्यालाच जपलं. व्हॉलीबॉल सोडला. वर्गात मुलं गणित सोडवत असताना टेबलाखाली स्वतःची नाडी मोजली. दात काढायच्या आधी अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या. तेव्हा तसा नियमच होता. 2007मध्ये अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनेने, नुसत्या प्रोलॅप्ससाठी त्याची गरज नाही असं सांगून तो काढून टाकला. त्या काळात कित्येक धडधाकट लोकांनाही हा आजार चिकटवला गेला होता, कारण झडपेची कड खोगिरासारखी वाकडी असते आणि सोनोग्राफीत एका बाजूने पाहिलं तर चांगली पाकळीही फुगलेली दिसते. माझी खरोखरच फुगते, हे नव्या डॉक्टरांकडून तपासून घेतलं. इतकी वर्षं फुकट घाबरलो नाही, एवढंच समाधान.

तपासणीच्या बाकावर एकदा शेजारी पाड्यावरची तेरा-चौदा वर्षांची पोर बसली होती. झडप तिचीही तीच. पण तिला लहानपणी घसा आला, सांधे सुजले, ताप आला. त्या तापाने पाकळ्या जाड होऊन एकमेकींना चिकटल्या. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. कार्डावर तारखांच्या रांगा, दोन ठिकाणी रांग तुटलेली. बाप म्हणाला, भाताची लावणी होती, गुरुजी. मी माझा, दिवसभराचे ठोके नोंदवणाऱ्या हॉल्टर यंत्राचा, रिपोर्ट पिशवीत घातला.

त्या रिपोर्टात दिवसभरातल्या लाखभर ठोक्यांपैकी 1,140 आगाऊ निघाले होते. मी आकड्यावर बोट ठेवलं. हे नवे डॉक्टर आकड्याकडे फारसं बघेचनात. झडप किती गळते, डावा कप्पा मोठा होतोय का, एवढंच ते सोनोग्राफीत शोधत होते. गळती थोडी, कप्पा होता तेवढाच. चक्कर येऊन पडलात, चढावर दम लागू लागला किंवा ठोके बिघडले आणि बिघडलेलेच राहिले, तर ताबडतोब या, म्हणाले. काही थोड्यांच्या बाबतीत हे प्रकरण जिवावर येतं, हेही त्यांनी लपवलं नाही. बाकी चहा कमी, पाणी जास्त, वर्षाआड सोनोग्राफी. पाण्याचं खरंच आहे. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेत उन्हातान्हात हिंडलं की त्या रात्री छातीत तारपा वाजतो.

गावात भूकंपाची यंत्रं बसली तेव्हा सभेत लोकांनी एकच विचारलं होतं: मोठा कधी येणार? आलेला साहेब सरळ माणूस होता. म्हणाला, ते कुणालाच सांगता येत नाही. धक्के मोजू नका, भिंती बघा. ज्यांची विटांची घरं होती ते घरी जाऊन भेगा शोधायला लागले. कुडाच्या घरातली म्हातारी मात्र निवांत. कारवी आणि शेणमाती. हललं तर हलू दे, म्हणाली. डॉक्टरांनी आकड्यावरून माझं बोट उचललं, तेव्हा मला तो साहेब आठवला होता.

परवा रात्री पुन्हा जाग आली. डाव्या कुशीवर झोपलं की जास्त जाणवतं, हे माहीत असून मी झोपतो. धाडकन एक, मग शांत, मग दोन लागोपाठ. कान देऊन पडून राहिलो. अंधारातून बायकोचा आवाज आला, “अहो, झाकण वाजलं का?”

“नाही.”

“मग झोपा.”